शेवटच्या नळाचं पाणी

माझं घर आमच्या कॉलनीतलं शेवटचं. कुंपणापलीकडं ज्वारीचं रान लागतं आणि पाण्याची पाइपलाइन माझ्या नळापाशी येऊन संपते. धाराशिवात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा येतं, सकाळी, तास-दीड तास. त्या दिवशी कोणी गावाला जात नाही, आणि लग्नाची पत्रिका आली तर आधी तो नळाचा दिवस नाही ना ते बघतात. पहिल्या घरापासून भरत भरत पाणी शेवटच्या घरापर्यंत येतं, म्हणजे आलं तर येतं. नळाशी भांडून भांडून माझा स्वभाव असा तिखट झालाय, असं माझे यजमान म्हणायचे. ते गेले, स्वभाव राहिला.

कॉलनीत मला सगळे सिस्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यात नर्स होते. आधी कळंब, मग उमरगा, मग इथं. रिटायर झाले तेव्हा साडी-नारळ मिळाला, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आवरून बसले तर जायचं कुठं तेच कळेना. मुलगी सासरी, हैदराबादला. खाली चार खोल्या, वर मोकळी गच्ची आणि मधे मी एकटी. तेव्हाच ठरवलं की वर दोन मजले चढवायचे. मजल्यावर तीन, अशी सहा छोटी घरं. एक खोली, स्वयंपाकघर आणि आतून चांगली कडी. आणि ती द्यायची फक्त दवाखान्यात ड्युटी करणाऱ्या बायकांना.

हे खूळ आजचं नव्हतं. पहिली नेमणूक कळंबला झाली तेव्हा मी हातात पिशवी घेऊन खोली शोधत फिरले होते. सगळीकडं एकच प्रश्न, ड्युटी कसली? दवाखान्यातली म्हटलं की चेहरे फुलायचे, कधी कधी रात्रीची असते म्हटलं की मिटायचे. एका घरी बाई गेटपाशी आल्या. मी घामाघूम झालेली बघून त्यांनी आतून तांब्या आणला, गेटवरून हात काढून मला पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "खोली हाय, पर रातच्याला भाईर ऱ्हानाऱ्या बायांला आमी देत न्हाय." मी ते पाणी रस्त्यावर उभी राहून प्याले. पुढं दोन महिने वॉर्डाच्या मागच्या स्टोअरमधे सलाइनच्या खोक्यांशेजारी झोपले. त्या बाई वाईट नव्हत्या, हे मला आजही मान्य आहे. पण तो तांब्या मी विसरले नाही.

तर मी नकाशा करून घेतला, नियमात बसवला आणि नगरपालिकेत परवानगीचा अर्ज टाकला. चौथ्या दिवशी कॉलनी माझ्या दारात आली.

पुढं गुरुजी होते. गुरुजी पहिल्या घरात राहतात. पूर्वी शाळेचे हेडमास्तर होते, आता कॉलनीचे आहेत. कुणाचा कचरा कुठं पडला, कुणाची गाडी आडवी लागली, सगळं त्यांच्या वहीत असतं. मी चहा टाकला. भांडायला आलेल्यांनाही चहा देण्याची आमच्याकडं पद्धत आहे आणि मी ती पाळते, फक्त साखर हात राखून घालते.

"सिस्टर, राग मानू नका," गुरुजी म्हणाले. "तुमचा हेतू चांगलाच हाय. पण ही बंगल्यांची कॉलनी हाय. आजपत्तर हितं कुणी वरचा मजला चढवला न्हाय."

"मग मी चढवते. कुणीतरी पहिलं असतंच की."

"आवं पण पाण्याचं काय? सहा घरं वाढली म्हंजी सहा चुली, सहा मोऱ्या. आत्ताच पाणी पुरंना झालंय."

"पाणी पुरंना हे तुम्ही मला सांगताव व्हय, गुरुजी? शेवटचा नळ माझा हाय."

गुरुजींनी चहा एका घोटात संपवला. त्यांच्यामागं बँकेतून रिटायर झालेले तिसऱ्या घरातले भाऊ होते. ते म्हणाले, भाडेकरू म्हणजे आज एक, उद्या दुसरं. कॉलनीची पत राहत नाही. निघताना गुरुजींच्या मंडळी, ज्यांना मी वहिनी म्हणते, चपला घालता घालता माझ्या कानाशी आल्या. "खरं सांगू का, सिस्टर? उन्हाळ्यात आमी गच्चीवर कुरडया घालताव, न्हाऊन केस वाळवताव. तुमच्या वरच्या मजल्यावरनं समदं दिसंल की."

त्या दिवसात खरं बोललेलं तेवढं एकच माणूस.

माणसं वरच्या मजल्याला इतकी का घाबरतात, याचा मी नंतर बराच विचार केला, कारण राग आला की मला झोप येत नाही आणि झोप आली नाही की विचार करण्यावाचून इलाज नसतो. आम्ही सगळे इथं प्लॉट घेऊन आलो तेव्हा काळ्या रानात नुसती धसकटं होती. पावसाळ्यात स्कूटर हमरस्त्याला लावायची आणि चपला हातात घेऊन घर गाठायचं. शेजारच्या शेतकऱ्याच्या बोअरवरून डोक्यावर पाणी आणलं. साप निघाला की सगळी कॉलनी एका अंगणात. त्या हालांचा आम्हाला आता मोठा अभिमान आहे. रस्ता झाला, दिवे लागले, पाइपलाइन आली, आणि आता कोणीतरी उठून आयतं येणार आणि पहिल्या दिवशी नळ सोडणार, हे सहन होत नाही. शिवाय प्रत्येकाच्या मते कॉलनी ज्या दिवशी पूर्ण झाली तो दिवस ठरलेला असतो. त्याच्या स्वतःच्या वास्तुशांतीचा. त्यानंतर जो येतो तो गर्दी करायला येतो.

हे मला इतकं नेमकं कसं माहीत? कारण मीही त्यातलीच. माझा अर्ज जायच्या कितीतरी वर्षं आधी कोपऱ्यावरच्या प्लॉटवर एक एसटीचे कंडक्टर राहायचे. त्यांना भावासाठी वर एक मजला चढवायचा होता. कॉलनीनं हरकत घेतली, कारण लिहिलं पाण्याचं, आणि त्या कागदावर तिसरी सही माझी होती. तेव्हा मी रात्रपाळी करून दिवसा झोपायची, आणि बांधकामाची ठोकाठोक, वर पोरंबाळं, माझी झोप मोडेल म्हणून मी सही केली. माझ्या मनात पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता. कंडक्टर दोन वर्षांनी घर विकून उमरग्याला गेले. म्हणजे रात्रीच्या ड्युटीपायी मला खोली मिळाली नाही, आणि त्याच ड्युटीपायी मी दुसऱ्याचं घर अडवलं. हे लिहिताना आजही माझा मलाच राग येतो.

आता त्याच हरकतीचा कागद माझ्यावर उलटला होता. गुरुजींनी तो आपल्या सुरेख अक्षरात लिहिला. शेवटच्या घरापर्यंत आत्ताच पाणी पोहोचत नाही, सबब साहेबांनी नळाच्या दिवशी समक्ष येऊन खात्री करावी, असं त्यात होतं. माझ्या घरी पाणी येत नाही हे माझ्याच विरुद्ध वापरलं होतं, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता. नळाला मोटार लावून मी पाणी ओढायची, तरी हौद निम्म्याच्या वर कधी गेला नव्हता. पाणी खात्याच्या साहेबांनी येऊन कोरडा नळ बघितला की माझी सहा घरं कागदावरच राहणार होती. मी पार खचले. दवाखान्यात एका नव्या मुलीला खोली देते म्हणून तोंडभरून सांगून बसले होते, तिचा फोन उचलायचा मला धीर होईना.

साहेब यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गुरुजी घरोघर फिरले. नळाला थेट मोटार लावणं नियमात बसत नाही, दिसली की जप्त होते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी लावली होती. साहेब येणार म्हटल्यावर मोटारी दिसून चालणार नव्हत्या. फिरत फिरत गुरुजी माझ्याही दारात आले.

"सिस्टर, तुमचीबी काढून ठिवा. भांडण आपल्या जागी. पर जप्ती नको."

मला हसूच आलं. माझं घर अडवायला निघालेला माणूस माझी मोटार वाचवायला आला होता. असल्या माणसाशी धड वैरही करता येत नाही. मी मोटार सोडवली आणि बाथरूमच्या टपात ठेवून वर ओल्या साड्या टाकल्या. कळलं ते असं की भाऊंनी आपली स्कूटरच्या डिकीत बसवली, आणि गुरुजींची भली मोठी मोटार वहिनींनी रिकाम्या कूलरमधे घालून पुढून जाळी लावली. पहिल्या घराची मोटार सगळ्यात मोठी का लागते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मोटारसायकलवर आले. सोबत पाणी सोडणारा माणूस. गुरुजींनी माझ्या अंगणात स्वतःच्या घरच्या खुर्च्या मांडल्या, जणू त्यांच्याकडचंच कार्य होतं. सगळी कॉलनी नळाभोवती जमली. मी स्टीलची बादली आणून नळाखाली ठेवली आणि मनात म्हटलं, होऊन जाऊ दे.

एरवी नळाच्या दिवशी आमच्या कॉलनीत बोललेलं ऐकू येत नाही, प्रत्येक घरातून मोटार घोंघावत असते. त्या दिवशी चिमण्या ऐकू येत होत्या.

"आज लई शांत वाटतंय, न्हाय का?" वहिनी म्हणाल्या.

गुरुजी उगाचच खोकले.

नळानं आधी हवा सोडली. फुस्स, फुस्स, मग थोडं गढूळ पाणी उडालं, मग पुन्हा नुसती हवा. भाऊंनी मान हलवली. मी पदर तोंडाला लावला. आणि तेवढ्यात नळातून मनगटाएवढी धार आली. बादली कलंडली. मी ती सावरून धरली तर ती भरून वाहायला लागली, दुसरी लावली, तीही भरली, मग पाइप हौदात सोडला आणि हौदाच्या तळातून असा आवाज यायला लागला की तो मी माझ्याच घरात आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"आवं, पाणी येलालंय!" वहिनी ओरडल्या. "मोटार नसताना येलालंय!"

नसताना म्हटलं आणि त्यांनी जीभ चावली.

साहेब घड्याळ बघत होते. हौद अर्ध्यावर आला, पाऊण झाला, काठोकाठ भरला आणि पाणी अंगणात आलं. नळ बंद करा म्हणून सगळे ओरडायला लागले, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की माझ्या नळाला तोटीच नाही. नव्हतीच. घर बांधल्यापासून तो कधी बंद करायची वेळच आली नव्हती. मी कापडाचा बोळा घेऊन धावले, बोळा उडून गेला, आणि पाणी अंगणातून, कुंपणाखालून, पलीकडं ज्वारीच्या रानात गेलं. मी चिंब भिजले होते आणि सगळ्यांसमोर लहान पोरीसारखी हसत होते. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. पाणी सोडणाऱ्या माणसानं शेवटी लाकडाची खुंटी ठोकून नळ बंद केला आणि म्हणाला, "बाई, आता तोटी बसवा."

"एरवी हा हौद किती वेळात भरतो?" साहेबांनी मला विचारलं.

"एरवी भरतच न्हाय, साहेब."

"मग आज काय वेगळं आहे?"

ते सगळ्यांकडं बघत होते. वेगळं काय होतं हे तिथल्या पोराटोरालाही ठाऊक होतं. एक कूलरमधे होतं, एक डिकीत होतं आणि एक माझ्या ओल्या साड्यांखाली. खरं सांगावं तर मोटारी गेल्या, न सांगावं तर हरकत गेली. मी गुरुजींकडं बघितलं. बोला की आता, अशा नजरेनं. इतकी वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस घामाघूम झाला होता. मला त्यांची दया यायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, मी तो क्षण चवीचवीनं खाल्ला.

"आज... दाब बरा दिसतोय," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी प्रत्येक नळाच्या खड्ड्यात मोटारीविना लोंबणारे उघडे पाइप येतानाच बघितले असणार, पण ते नुसते हसले. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, शेवटच्या टोकाला पुरेशा दाबानं पाणी मिळते. कॉलनीतर्फे सही हवी होती. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली. मला परवानगी मिळाली.

त्याच संध्याकाळी गुरुजी एकटेच आले. कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, "सिस्टर, म्या इतकी वर्षं तुमचं पाणी वडत व्हतो. मला वाटायचं, लाइनच खराब हाय."

"मला वाटायचं, लोक लई झाले," मी म्हणाले. "आणि मीबी वडतच व्हते की. फक्त माझ्यापुढं कुणी नव्हतं म्हणून कुणाचं तुटलं न्हाय."

मोटारी पुन्हा लावायच्या नाहीत असं ठरलं. ठरवलं मी, पण ते राबवलं गुरुजींनी. आता नळाच्या दिवशी ते हातात काठी घेऊन फेरी मारतात आणि भिंतींना कान लावून घोंघावणं येतंय का ऐकतात. महिन्याभरात तर ही कल्पना त्यांचीच होती. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला मुद्दाम माझ्या अंगणात आणतात आणि माझ्या नव्या पितळी तोटीकडं बोट दाखवून सांगतात, आमच्या कॉलनीत शेवटच्या नळाला बिनमोटारीचं पाणी येतं. मी मधे बोलत नाही. जिंकलेल्या माणसाला एवढं परवडतं.

पहिला स्लॅब पडला त्या दिवशी मी उमरग्याला कंडक्टरांना फोन केला. माफी मागायची म्हणून चार वाक्यं घोकून ठेवली होती. त्यांनी ती पुरी होऊच दिली नाहीत. "सिस्टर, तिसरी सई तुमची व्हती, ठाऊक हाय मला," ते म्हणाले आणि हसले. "वास्तुशांतीला बोलवा. बघतो तरी, वरनं कसं दिसतंय." ते आले. भावालाही घेऊन आले. दुसऱ्या मजल्यावर उभं राहून त्यांनी आपलं जुनं घर बराच वेळ बघितलं आणि खाली येऊन पोटभर जेवले. माझ्यावरचं अर्धं ओझं तिथं उतरलं, अर्धं उतरणार नाही.

गुरुजींना मजले आजही पटलेले नाहीत, ते तसं तोंडावर सांगतात. तरी बांधकाम चाललं होतं तेव्हा भिंतींना पाणी नीट मारत नाही म्हणून गवंड्यांवर सगळ्यात जास्त तेच ओरडायचे. वहिनींची अडचण मी कठडा उंच करून सोडवली. या उन्हाळ्यात त्यांनी निम्म्या कुरडया माझ्याच गच्चीवर घातल्या, कारण तिथं ऊन जास्त वेळ राहतं.

पहिली मुलगी आली तो नेमका नळाचा दिवस होता. मी जिला शब्द दिला होता ती नव्हे, ती दुसऱ्या दिवशी येणार होती. ही त्याआधीच, कुठून तरी ऐकून, बेंबळीच्या बसनं थेट आलेली. गेटबाहेर उभी होती. हातात पिशवी, खांद्याला बॅग, ओढणीनं घाम पुसत. कडीला हात लावला होता, पण उघडत नव्हती. गुरुजी फेरी मारत माझ्या अंगणात पोहोचले होते आणि मी तांब्या भरत होते.

"बाई, खोली हाय का?" तिनं विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत, घाईघाईनं, आधीच नकार ऐकल्यासारखी, "पर आधीच सांगते, माझी रातची ड्युटी असती. दवाखान्यात."

हेच उत्तर देण्यासाठी मी हे सगळं केलं होतं, आणि माझ्या हातातला तांब्या नळाखाली भरून वाहायला लागला.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग काठी बगलेत मारून पुढं झाले आणि त्यांनी स्वतः गेटची कडी काढली.

"रातचीच पायजे आमाला," ते म्हणाले. "ये बाई, आत ये. आधी पाणी पी. पाणी लई हाय हितं."

मी तांब्या पुढं केला. ती गेटच्या आत आली, आणि आत उभी राहून पाणी प्याली.